आवाजाची घडी

बाबांची तक्रार एकच होती. "ती लांबून बोलतेय."

दादा अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे निम्मा घुसलेला होता. तिथूनच ओरडला, "लांबून कसली, बाबा? स्पीकर तुमच्या गुडघ्याला टेकलाय!"

"स्पीकर जवळ आहे रे. ती लांब आहे."

दादानं नुसतीच एक वायर काढून परत खोचली. एरवी आवाजाच्या बाबतीत त्याच्याकडे सगळ्याचं उत्तर असतं. सभांना, समारंभांना साउंड सिस्टीम लावून देणं हाच त्याचा धंदा. गळ्यात वायरीचं भेंडोळं नसेल तर तो मला अर्धवट कपड्यांत आल्यासारखा वाटतो. तो धूळ झटकत बाहेर आला, माझ्या मांडीवरच्या तान्ह्या गुंडीचं नाक चिमटीत धरल्यासारखं केलं आणि म्हणाला, "बारके, तुझी लेक तरी बरी. दूध लांबून येतंय म्हणत नाही."

मी हसले. बाबा हसले नाहीत.

आई गेली तेव्हा गुंडी माझ्या पोटात होती. नातीला मांडीवर घेणं आता होणार नाही हे आईला कळून चुकलं होतं. म्हणून एका दुपारी तिनं पडल्यापडल्या फोनवर एक गाणं रेकॉर्ड केलं आणि घरच्या ग्रुपवर पाठवून दिलं. कोण येणार, कोण येणार, मांडीवरती कोण मावणार. शब्द तिचेच, चालही तिचीच, आणि दम लागला की मध्येच थांबणंही तिचंच. ते पाठवल्यावर थोड्याच वेळात बाबा तिच्यासाठी दूध कोमट करून खोलीत गेले. दूध प्यायला ती उरली नव्हती.

पुढे गुंडी आली. माझं घर दोन गल्ल्या सोडून आहे, तेव्हा सकाळची कामं आटपली की मी तिला घेऊन बाबांकडे यायचे. म्हणायला बाबांना सोबत, पण खरं सांगायचं तर मलाही एकटीनं बाळ सांभाळायची धास्तीच वाटायची. एका दुपारी आम्ही दोघं गुंडीच्या लंगोटांच्या घड्या घालत बसलो होतो. बाबांनी हातातला लंगोट तसाच धरून विचारलं, "तिनं मला हाक मारली असेल का गं?"

"कधी?"

"तेव्हाच. गाणं संपल्यावर तिनं फोन लगेच बंद नाही केला. पुढं बराच वेळ नुसती खरखर आहे. मी रोज ऐकतो. त्या खरखरीत काहीतरी आहे. मी स्वयंपाकघरात होतो. तिनं हाक मारली असेल आणि मला ऐकू आली नसेल, तर?"

"बाबा, तिच्यात हाक मारायचं बळ तरी होतं का?"

"गायली ना?"

मी पुढचा लंगोट उचलला.

त्या दिवसापासून हे सगळं सुरू झालं. बाबांना गाणं छान ऐकायचं नव्हतं, गाण्यानंतरचं ऐकायचं होतं. हेडफोन लावून पाहिला, तर म्हणाले, "डोक्याच्या आत बोलते. मला ती खोलीत हवी." मग त्यांच्या तरुणपणीचा अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर माळ्यावरून खाली आले. आईसाठी भाड्यानं आणलेली लोखंडी कॉट परत गेली होती. तिची जागा भिंतीलगत तशीच मोकळी होती. बाबांनी एक स्पीकर तिच्या उशाशी ठेवला. म्हणजे, जिथं उशी असायची तिथं. आम्ही सगळे त्या मोकळ्या जागेला 'कॉटपाशी' असंच म्हणत होतो आणि त्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नव्हतं.

दादानं आधी वायरनं जोडून पाहिलं. फोन चार्जिंगला लावला की स्पीकरमधून भुंग्यासारखी घूं यायची, काढला की बॅटरी मान टाकायची. तेव्हा त्यानं दुकानातून ब्लूटूथ रिसीव्हर आणला. साबणाच्या वडीएवढी डबी. एक टोक अ‍ॅम्प्लिफायरला, दुसरं टोक म्हणजे हवा. त्या डबीतून आई यायला लागली आणि बाबांनी ती लांब असल्याचं जाहीर केलं.

"तुमचे कान तपासा आधी," दादा म्हणाला. बाबांचं आयुष्य छापखान्यात मोठ्या मशीनशेजारी गेलेलं. जाडे, खालचे आवाज त्यांना नीट ऐकू येतात. बारीक, टोकदार आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. दारावरची बेल वाजून वाजून थकते. कानाचं यंत्र घ्या म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "कानात किडा घालून हिंडणार नाही."

पण या वेळी मलाही बाबांचं पटत होतं. आईचा आवाज कुणीतरी वर पातळ कापड टाकल्यासारखा येत होता. 'स' म्हटला की फुस्स. श्वास तर कुठेच नाही. आई आणि श्वास नाही? तिच्या त्या दिवसांतल्या प्रत्येक श्वासाला मी जागी होते.

मी दादाला तसं सांगितलं. तो भिंतीला टेकून बसला आणि गुंडीच्या दुपट्याचा एक कोपरा हातात घेतला. "हे बघ. आवाज हवेतून पाठवायचा तर तसाच्या तसा जात नाही, फार मोठा असतो. आधी त्याची घडी घालावी लागते, पलीकडं गेल्यावर उलगडावी लागते. घडी घालायची जी पद्धत, तिला कोडेक म्हणतात. फोनला आणि रिसीव्हरला, दोघांना ती पद्धत यावी लागते. आता या डबीला एकच पद्धत येते, सगळ्यात साधी. घडी लहान व्हावी म्हणून ती कोपरे कापून टाकते. माणसाला काय ऐकू येणार नाही याचा अंदाज करते आणि ते फेकून देते."

"कुठं फेकते?" बाबांनी विचारलं.

"कुठं म्हणजे? फेकते, बस."

"पण कुठंतरी पडत असेल ना."

दादानं माझ्याकडं पाहिलं. मी गुंडीला खांद्यावर घेतलं आणि तिची पाठ थोपटू लागले.

पुढच्या खेपेला त्यानं चांगला रिसीव्हर आणला. त्याला मोठी घडी न कापता उलगडता यायची. तरीही आवाज तोच. दादा चिडला, मग फोनच्या सेटिंगमध्ये शिरला आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा. डबी शिकलेली आहे, पण फोन तिच्याशी अजून बाळबोधच बोलतोय." त्यानं एक बटण चालू केलं, मग आणखी आत जाऊन 'जोडणी टिकवा' ऐवजी 'दर्जा राखा' असं काहीतरी निवडलं.

आई जवळ आली.

याहून वेगळं मला सांगता येत नाही. तिचे ओठ सुटल्याचा बारीकसा आवाज आला. 'कोण' म्हणण्याआधी तिनं घेतलेला श्वास आला. गुंडी दूध प्यायची थांबली आणि मान वळवून उशाशी ठेवलेल्या स्पीकरकडं बघू लागली. आईला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. पण पोटात असताना ऐकलेलं असणार, रोज.

मग मध्येच गाणं तुटलं. क्षणभर. परत सुरू झालं. परत तुटलं.

"कोण चाललं मधून?" दादानं सवयीनं विचारलं.

आम्ही सगळे बसलेलो होतो.

"चांगल्या दर्जावर टाकलं की जोडणी नाजूक होते," तो घाईघाईनं म्हणाला. "फोन आणि डबीच्या मधून माणूस गेलं तरी आवाज अडतो. माणूस म्हणजे पाणीच ना, आणि या लहरी पाण्यात अडतात. म्हणजे, कुणी गेलं असतं तर. इथं शेजाऱ्यांचं वायफाय असेल."

"उठली असेल," बाबा सहज म्हणाले. दूधवाला आला असेल म्हणावं तसं.

दादा हसायला गेला आणि राहिला. उठून त्यानं डबी लोखंडी कपाटापासून लांब सरकवली, तुटणं कमी झालं. पण अ‍ॅम्प्लिफायरकडून कपाटाकडं जाताना माझा भला दांडगा भाऊ त्या मोकळ्या जागेला वळसा घालून गेला, हे मी पाहिलं. त्याला स्वतःला कळलंही नसावं.

गाणं संपलं. खरखर सुरू झाली. इथं दादा नेहमी उठतो. "चला, मंडपवाला वाट बघतोय." मंडपवाला रोज त्याच वेळी वाट बघतो. गाण्यानंतरचा तुकडा त्यानं एकदाही ऐकलेला नाही.

"थांब जरा," मी म्हणाले. "खरखर मात्र अजून तशीच आहे. कालव्याच्या पाण्यासारखी. असं का?"

तो चप्पल घालता घालता थांबला. "हे कुठलं वाजवतोय आपण?"

"ग्रुपवरचं. आईनं पाठवलेलं."

दादा मटकन खाली बसला. "मी मूर्ख. मी शंभर नंबरी मूर्ख. गेले कित्येक दिवस रस्ता गुळगुळीत करतोय आणि गाडीत मालच निम्मा आहे! पाठवताना अ‍ॅपनं ते चेपून लहान केलंय, हळू आवाज खरखर समजून पुसलेत. कापलेले कोपरे कुठलाही रिसीव्हर परत शिवून देत नाही. मूळचं तिच्या फोनमध्ये असेल."

बाबा उठले. आईचा फोन कपाटात होता. तो त्यांनी एकदाही उघडला नव्हता, पण चार्ज मात्र रोज करायचे. का, ते मी विचारलं नव्हतं. त्यांनी तो दादाच्या हातात दिला, दादानं तो रिसीव्हरशी जोडला, सगळी बटणं पाहिली, मूळ रेकॉर्डिंग शोधून काढलं आणि फोन माझ्या हातात ठेवला.

"तू ऐकशील?" मी विचारलं.

"मंडपवाला," तो म्हणाला. दारातून मागं वळला. "बारके, फार मोठ्यानं लावू नकोस." आणि गेला.

मी गुंडीला बाबांच्या मांडीवर दिलं आणि सुरू केलं.

खोली दुप्पट झाली. मला दुसरे शब्द सापडत नाहीत. या खोलीत ती खोली ऐकू येत होती. तोच पंखा, तसाच एका पात्याला किंचित कुरकुरणारा, डोक्यावर एक आणि स्पीकरात एक. पडद्याच्या कड्यांचा आवाज. चादर सरकल्याचा. आणि त्यात, हात लांब केला तर लागेल इतकी, आई. तिनं गाणं म्हटलं, दम घेतला, पुरं केलं. मग ती गप्प झाली आणि खरखर आली नाही. शांतता आली, सगळ्या बारकाव्यांसकट.

त्या शांततेत लांबून कुणीतरी गुणगुणत होतं. तीच चाल. जाडसर, बेसूर, खालच्या पट्टीत.

बाबा पुढं झुकले. "हा कोण?"

"तुम्ही."

"मी?" त्यांचा चेहरा पडला. "मी गात होतो? तेव्हा?"

"ओट्यापाशी असाल. तिचं ऐकून धरली असेल चाल."

"ती इथं तशी पडलेली, आणि मी गात होतो." ते गुंडीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले, फिरवत राहिले.

मी पुढचं नीट ऐकत नव्हते, कारण मला त्याआधीच काहीतरी ऐकू आलं होतं. टिंग. अगदी बारीक, काचेच्या टोकासारखं. टिंग.

ते काय होतं ते मला लगेच कळलं. आईचा आवाज क्षीण झाला तेव्हा बाबांनीच युक्ती काढली होती. बोटं रोडावून तिची अंगठी सैल झाली होती, तर ती कॉटच्या लोखंडी दांडीवर वाजवायची. एकदा वाजवली की काही नको, असू दे. दोनदा म्हणजे या. बाबा तिच्याजवळ खुर्ची टाकून बसायचे, त्यांचा एक हात कायम त्या दांडीवर. अंगठी वाजली की तत्क्षणी उठायचे. आम्हाला कौतुक वाटायचं, बेल ऐकू न येणाऱ्या माणसाला अंगठी कशी ऐकू येते! त्यांनाही वाटायचं आपल्याला ऐकू येते. आईलाही तसंच वाटत असणार. ती हाताला कळत होती, दांडीतून. हे माझ्या डोक्यात आत्ता, आईचा फोन हातात धरून बसलेली असताना उजाडलं. स्वयंपाकघरात त्यांचा हात दांडीवर नव्हता.

टिंग. टिंग. टिंग. सारख्या अंतरानं. आणि मग मी सुटल्यासारखी झाले, कारण ती हाक नव्हती. गुणगुणणं जिथं ठेका घेत होतं तिथंच अंगठी पडत होती. आई ताल धरत होती. नवरा स्वयंपाकघरात बेसूर गातोय आणि ही त्याला साथ देतेय.

मग गुणगुणणं थांबलं. नळ सुरू झाला.

टिंग टिंग.

पाणी वाहत राहिलं.

टिंग टिंग.

मग चादर सळसळली, फोन कशावर तरी घासला आणि रेकॉर्डिंग संपलं.

"काही आहे?" बाबांनी विचारलं. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यांना त्यातलं टिंग ऐकूच आलं नव्हतं. जगातली सगळ्यात चांगली डबी आणली तरी आलं नसतं.

"आहे," मी म्हणाले. "अंगठी आहे. तुमच्या गाण्याला ताल धरलाय तिनं."

"ताल?"

"दांडीवर. प्रत्येक ठेक्याला."

ते हसले. किती दिवसांनी हसले! "मला म्हणायची, तुमचा ताल म्हणजे लंगडा घोडा. लग्नाआधीपासून म्हणायची. आणि धरला होय शेवटी?" डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांनी पुसलंही नाही. "लाव. परत लाव. मी म्हणतो तसंच, मग कळेल मला कुठं पडतेय ती."

मी लावलं. नको म्हणायला कारण काय सांगणार होते? शेवट यायच्या आधी बंद करू, असं मनाशी ठरवलं.

आई गायली, थांबली. स्पीकरातले बाबा गुणगुणू लागले, त्यांच्या जोडीला मांडी घालून बसलेले बाबा गुणगुणू लागले. गुंडी त्यांच्या मांडीवर उताणी, मुठी चोखत. टिंग झालं आणि तिनं मान स्पीकरकडं वळवली. परत बाबांच्या तोंडाकडं. टिंग, परत मान तिकडं. मी कधी बाळाच्या इतक्या छोट्या मानेचा इतका धसका घेतला नव्हता.

"बघ बघ," बाबा गाता गाता म्हणाले, "हिला ऐकू येतंय! इथं पडली ना? आणि इथं!" ते आता स्पीकरकडं बघतच नव्हते. गुंडीची मान हेच त्यांचे कान झाले होते.

मी बटणाकडं अंगठा नेला. स्पीकरातलं गुणगुणणं थांबलं, बाबाही थांबले. नळ सुरू झाला. माझा अंगठा तिथंच राहिला. तिची शेवटची हाक मीच मध्ये तोडायची? ते मला जमलं नाही.

गुंडीची मान वळली. दोन झटके. मग ती थबकली, डोळे मोठे करून. पाणी वाहत होतं. पुन्हा दोन.

बाबांनी मान वर केली. "आता तर गाणं नाही."

मी फोन मांडीवर उपडा ठेवला.

"दोनदा?"

"हो, बाबा."

"आणि परत दोनदा."

"हो."

 ते रडतील असं वाटलं, नाही रडले. मग त्यांनी गुंडीला अलगद माझ्याकडं दिलं, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. तिथून म्हणाले, "लाव."

"बाबा, पुरे आता."

"लाव गं. मला ऐकू यायचं नाही. तू सांग."

तेव्हा मी लावलं. आईचं गाणं झालं. स्पीकरातून बाबा गुणगुणले आणि भिंतीपलीकडून खरे बाबा गुणगुणले, दोन्ही आवाज सारखेच लांब. मग दोन्ही थांबले. दोन नळ सुरू झाले. त्यातला कुठला कधीचा हे मला क्षणभर सांगता आलं नसतं. मी गुंडीला छातीशी घट्ट धरलं.

टिंग टिंग.

"बाबा!" मी ओरडले. "या!"

नळ बंद झाला, एकच. ते आले. ओले हात, खांद्यावर पंचा, झपाझप, त्या दिवसांत यायचे तसे. माझ्याकडं बघितलं नाही. सरळ कॉटपाशी गेले, खाली वाकले आणि विचारलं, "काय गं? काय हवंय?"

स्पीकरात अजून पाणी वाहत होतं. पुन्हा अंगठी वाजली. बाबा आणखी खाली वाकले, एका गुडघ्यावर आले. त्यांचं तोंड बरोबर तिच्या उशीच्या जागी आलं, आणि त्यांनी एकदम डोळे मिटून घेतले.

खिडकीतून उतरतं ऊन तेवढ्याच जागेवर येत होतं. शेजारी खुर्चीवर बसलेल्याला ते लागत नसे, आणि कॉट गेल्यापासून तिथं कुणी नसायचंच, तेव्हा आम्हाला कधी दिसलं नव्हतं. बाबांचा अख्खा चेहरा त्यात पेटल्यासारखा दिसत होता. त्यांनी ओला हात डोळ्यांवर आडवा धरला, खिडकीकडं बघितलं आणि तसेच थांबले.

"अगं बाई," ते हळूच म्हणाले. "ऊन येतंय होय डोळ्यावर."

ते उठले, खिडकीशी गेले आणि पडदा ओढून घेतला. कड्या सरकल्या. खोलीत सावली आली. परत त्या जागेपाशी येऊन ते जमिनीवर बसले, भिंतीला पाठ लावून, एक हात बाजूला टेकवून. दांडी असायची त्या उंचीवर.

"झालं?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण ते मला विचारत नव्हते.